मुलांना फोटोतून गोष्ट सांगायला कसं शिकवाल?

मोबाइल मुलांच्या हातात आधीच असतो, त्यामुळे कॅमेरा कसा धरायचा यावर पहिला तास घालवू नका. व्हिडिओही लगेच नको. व्हिडिओ सुरू केला की मुलं नुसती फिरत राहतात. फोटो काढताना मात्र काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे दर वेळी ठरवावं लागतं. एडिटिंग म्हणजे तरी दुसरं काय?

आधी जागा ठरवा. कोल्हापुरात असाल तर रंकाळा तलावावरचा सूर्यास्त बाद करा. दिसतो छान, पण तिथं कुणी काही करत नसतं. काम चालू असलेली जागा हवी: तालीम, चपला शिवणाऱ्यांची गल्ली, गंगावेशीतला दूधकट्टा. दिवाळीनंतर वर्ग असेल तर माझं मत गुऱ्हाळाला. उसाच्या मोळीपासून गुळाच्या ढेपेपर्यंत सुरुवात, मध्य आणि शेवट आयताच मिळतो. मालकाची परवानगी आदल्या दिवशी घ्या आणि काहिलीपासून, म्हणजे रस उकळतो त्या मोठ्या कढईपासून, किती लांब राहायचं ते मुलांना ठणकावून सांगा.

निघण्यापूर्वी प्रत्येकानं वहीत आठ चौकटी आखून त्यात हवे ते फोटो रेखाटायचे. काडीची माणसं चालतील. कोल्हापुरात सिनेमा उभा केला तो बाबूराव पेंटर या चित्रकारानंच, त्यामुळे या गावात तरी चित्र काढायला लाजू नये.

गुऱ्हाळावर प्रत्येक प्रसंग तीन अंतरांवरून टिपायला सांगा: लांबून जागा, मधून माणूस, जवळून हात. मुलं जवळून घ्यायचंच विसरतात. गोष्ट मात्र बऱ्याचदा तिथंच असते. रस आटत आला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, त्यातला थोडासा गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. गोळी जमली की काहील उतरवायची वेळ झाली. सगळ्या दिवसाचा निर्णय त्या दोन बोटांत असतो, आणि तो क्षण पटकन निसटतो. तिथं एक पोरगं आधीपासून तयार ठेवा. वाफेनं लेन्स धुरकटते, म्हणून खिशात सुती फडकं असू द्या. चुलवाणाच्या जाळापुढं चेहरे काळे पडतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड जुळवून घ्यायला शिकवा. जाळ पांढरा झाला तर होऊ द्या.

आता खरा तास. निवडक आठ फोटोंच्या साध्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं साधारण शंभर वर्षांपूर्वी एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसले म्हणतात. आपल्याकडं गुळव्याचा चेहरा आहेच. त्याच्यापुढं उतू जाणाऱ्या काहिलीचा फोटो ठेवा, मग तो उचलून तयार ढेपेचा ठेवा. त्याच्या मनात काय चाललंय, असं दोन्ही वेळा विचारा. उत्तरं बदलली की कट, म्हणजे एका चित्रावरून दुसऱ्यावर जाणं, म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. मग आठातले तीन फोटो काढून टाकायला लावा. इथं भांडणं होतात. होऊ द्यात, पण कुणाचा फोटो सुंदर यावर नको. तो काढल्यावर गोष्ट कुठं अडते, एवढाच प्रश्न.

उरलेले पाच फोटो एडिटिंगच्या टाइमलाइनवर, म्हणजे फोटो ओळीनं मांडायच्या पट्टीवर, घ्या. मोबाइलवरचं कुठलंही साधं अ‍ॅप चालतं, कॉम्प्युटर असेल तर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. प्रत्येक फोटो चार सेकंद ठेवून सुरुवात करा, मग एकेकाचा वेळ कमीजास्त करा. गोळीचा फोटो थोडा जास्त थांबवला की ताण जाणवतो. पान उलटल्यासारखे, फिरणारे, चमकणारे इफेक्ट सरळ बंद. गाणंही नको, कारण गाणं लावलं की फोटो कुणी बघत नाही. त्याऐवजी गुऱ्हाळावर रेकॉर्ड केलेले आवाज घाला: चरकाची घरघर, रसाचं खदखदणं. पुढच्या फोटोचा आवाज एखादा सेकंद आधीच सुरू करून बघा, जोड आपोआप बसतो. यानंतर दोनतीन ठिकाणी दहा-दहा सेकंदांचे व्हिडिओ मिसळायला हरकत नाही.

तयार फिल्म गुऱ्हाळ न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि दाखवताना मुलांना तोंड उघडू देऊ नका. तो जिथं ‘हे काय?’ म्हणेल तिथं खूण करा, दुरुस्ती तेवढीच. शेवटी एक प्रत गुळव्याला पाठवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा घसरून गोळी ओळखूही येणार नाही.