स्थलांतर आणि पक्ष्यांचा मेंदू: बडोद्यात गच्चीवर बसून कसं बघायचं

दांडिया बाजारात आमच्या गच्चीवरून थंडीत संध्याकाळी भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे दिसतात आणि भाचा दरवेळी विचारतो, मामा, एवढ्या लांबून येतात म्हणजे ह्यांचा मेंदू केवढा असेल. अरे उलटंय! अंगाच्या मानाने बघितलं तर लांब स्थलांतर करणाऱ्यांचा मेंदू बारमाही पक्ष्यांपेक्षा साधारण लहानच निघतो.

बघायचं असेल तर कावळा आणि बदक अशी जोडी लावू नका, काही कळणार नाही. एकाच घराण्यातले घ्या. मोठा धोबी वर्षभर इथलाच, पांढरा धोबी थंडीचा पाहुणा, डभोईजवळच्या वढवाणा तलावावर (2021 पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे) दोघांना शोधा. गच्चीवर असाल तर साळुंकी आणि भोरडी.

डोकं डोळ्याने मोजू नका, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. संशोधक म्युझियममधल्या कवटीत बारीक छर्रे भरून आतली जागा मोजतात, मग वजनाशी ताडतात. आपण फक्त वागणं बघायचं, नवी वस्तू दिसल्यावर कोण काय करतं ते. आठवडाभर एकाच ताटलीत पपईचे तुकडे ठेवा (शेव-गाठ्या नको, मीठ असतं), मग एक दिवस शेजारी डब्याचं लाल झाकण ठेवा आणि घड्याळ लावा. आमच्याकडे साळुंकी चार मिनिटांत आली, झाकणाभोवती फिरली, चोच मारून उलटवलं पण. भोरड्या समोरच्या पिंपळावरून खाली उतरल्याच नाहीत.

आता एवढ्यावरून निकाल लावू नका हं, कारण खरी परीक्षा थंड मुलखात. बर्फात मागे राहणाऱ्याला रोज नवी युक्ती लागते, निघून जाणाऱ्याला ती कमी लागते, आणि मेंदू महागडा अवयव, आपल्यात वजनाच्या 2 टक्के पण ऊर्जा 20 टक्के खातो, मग हजारो किलोमीटर उडणाऱ्याने तो खर्च का पोसावा? मेंदू लहान म्हणून जावं लागलं की जायला लागल्यावर लहान झाला, दोन्ही बाजूंनी मांडणी आहे.

पण बिनडोक म्हणू नका. युरोपातून आफ्रिकेत जाणाऱ्या गार्डन वार्बलर नावाच्या छोट्या पक्ष्याला खाण्याची जागा वर्षभराने आठवत होती, त्याच्याच न जाणाऱ्या भाऊबंदाला जेमतेम दोन आठवडे!

भोरड्या पिंपळावर पहिल्यांदा दिसतील ती तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा, ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा.