आधी किरकिरीची वही, मग खरेदी

आमच्या बैठकीच्या खोलीत सहा बटणांचा एक स्विचबोर्ड आहे. अकरा वर्षं पंख्याला म्हणून हात घातला की दिवा लागायचा, आणि दिवा विझवायला गेलं की पंखा बंद पडायचा. लोकांच्या कपाटांचे, ओट्यांचे, खणांचे आराखडे काढून देणं हा माझा व्यवसाय, आणि स्वतःच्या घरात मी दिवसातून दोन-तीनदा चुकीचं बटण दाबून "शी!" म्हणत होते. शेवटी वायरमनला बोलावून दोन वायरी एकमेकींच्या जागी लावून घेतल्या. वीस मिनिटांचं काम. पुढचा आठवडाभर हात सवयीने चुकतच राहिला, हे कबूल करते. त्यानंतर मात्र त्या बोर्डाची आठवणच राहिली नाही, आणि मला वाटतं घरातलं बरंचसं सुख असं, आठवण न राहण्याच्या रूपात येतं.

घर छान करायचं ठरलं की आपण आधी खरेदीला निघतो. नव्या दिव्याचं कौतुक महिनाभर टिकतं, मग तो भिंतीचाच भाग होऊन जातो. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच या सरावण्यावर लिहून ठेवलंय. गंमत अशी, की आपण त्रासालाही सरावतो. पण वाकणं, शोधणं, अंधारात चाचपडणं काही थांबत नाही. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी आठवडाभर एक वही ठेवायला सांगते.

वहीचा नियम एकच: तक्रार क्रियापदासकट लिहायची. "स्वयंपाकघर अडचणीचं आहे" हे चालणार नाही. "मोठं पातेलं काढायला आधी तीन भांडी खाली उतरवावी लागतात" हे चालेल. तोच त्रास पुन्हा झाला की पुढे एक रेघ मारायची. तोंडातून "अरेच्चा", "शी", "कुठे गेलं मेलं" असं काही निघालं की ती नोंद समजावी.

दोन दिवसांत वाटेल की आता लिहायला काही उरलं नाही. तेव्हा घरातली जुगाडं शोधा. दाराखाली घातलेली कागदाची घडी, रिमोटला गुंडाळलेला रबरबँड, खणाच्या तुटलेल्या मुठीला बांधलेली सुतळी. कुणीतरी कधीतरी वैतागून काढलेला तो तोडगा असतो आणि पुढे तो कायमचा होऊन बसतो. सगळ्यात बोलकी असते ती कपड्यांनी भरलेली खुर्ची. तिच्यावरून घराघरात भांडणं होतात, आळशीपणाचे आरोप होतात. खुर्ची नीट बघा: तिच्यावरचे कपडे एकदा घातलेले असतात. धुवायला टाकण्याइतके मळलेले नाहीत आणि घडीच्या कपड्यांत परत ठेवावेसे वाटत नाहीत. त्यांना घरात जागाच नाही, म्हणून ते खुर्चीवर राहतात. दाराच्या मागे चार खुंट्या ठोका. आमच्याकडे खुर्ची मोकळी झाली, आता तिच्यावर मांजर बसतं. तो प्रश्न वेगळा.

आठवडा संपला की रेघा मोजा. इथे बहुतेक जण चुकतात: ज्या गोष्टीने एकदाच डोकं फिरवलं ती आधी दुरुस्त करायला घेतात. वर्षातून एकदा अडणारा माळा राहू द्या. रोज सहा वेळा अडणारा खण आधी. माझ्या वहीत एकतीस नोंदी होत्या आणि त्यातल्या पहिल्या पाचांतच निम्म्याहून जास्त रेघा पडल्या होत्या. पाचच घ्या. सगळं एकदम सुधारायला निघालेलं घर महिनाभर कुणालाच सुखाने राहू देत नाही, हे मी गिऱ्हाइकांकडे पुष्कळदा पाहिलंय.

आता दुरुस्ती. पहिला प्रश्न विचारायचा तो असा: इथे माणूस चुकतो, की वस्तू चुकायला लावते? ढकलायच्या दाराला ओढायची मूठ लावली तर जाणारा ओढणारच. वस्तूंच्या रचनेचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात अशा दारांची इतकी चिरफाड केली, की पुढे त्यांना नॉर्मन दार हेच नाव पडलं. शेगडीचंही तेच. चार बर्नर चौकोनात, चार बटणं एका ओळीत. मग कुठलं कुणाचं? बटणाला आणि त्याच्या बर्नरसमोरच्या कडेला एकाच रंगाचा ठिपका द्या. स्विचबोर्डावरही ठिपके चालतात. वायरमन मिळेपर्यंत तरी.

उजेडाच्या नोंदी वहीत कधीच येत नाहीत, कारण उजेड वाईट असला तर आपण उजेडाला दोष देत नाही, नुसते दमतो. त्यासाठी एक वेगळा प्रयोग करा. घरात जिथे जिथे माणूस बसतो किंवा पडतो, तिथे स्वतः दहा मिनिटं बसा, पडा. फिनलंडमध्ये पाइमिओ इथे आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने क्षयरोग्यांसाठी रुग्णालय बांधलं, ते १९३३ मध्ये पूर्ण झालं. रुग्ण दिवसभर उताणा पडून असणार, हे धरून त्यांनी खोलीच्या छताला डोळ्यांना निववणारा हिरवा रंग दिला आणि दिवे त्याच्या नजरेवर येणार नाहीत असे लावले. हात धुवायच्या भांड्याचा उतारही असा ठेवला, की पाणी पडल्याचा आवाज होऊन शेजारचा जागा होऊ नये. मी हे वाचून माझ्या पलंगावर आडवी झाले, तर ट्यूबलाइट थेट डोळ्यांत. नऊ वर्षं मी त्या खोलीत झोपत होते! ट्यूब जागेवरच ठेवली, पण पलंगाशी एक झाकलेला दिवा आणला. संध्याकाळनंतर तोच लावते. बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, संध्याकाळला बरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, त्याने रात्री झोप उशिरा लागते.

खिडकीकडे पाठ करून ठेवलेली खुर्ची फिरवा. याला पैसा लागत नाही. रॉजर उल्रिच या संशोधकाने १९८४ च्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, पण खुर्ची फिरवायला तेवढा पुरे.

बाकीचं झटपट सांगते. ओटा कोपरापासून दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा. फार खाली असेल तर जाड पाट ठेवून त्यावर चिरा. खुर्चीच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवा. जिन्याची एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच असेल तर तिच्या कडेला ठळक पट्टी लावा. आणि बिनमुठीची, दाबून उघडायची कपाटं घेऊ नका. मी तशी अनेकांना आराखड्यात काढून दिली आहेत. हात ओले असले की काय होतं ते मला नंतर कळलं.

शेवटचं, हाताचं. वहीत फक्त लिहिणाऱ्याचाच त्रास येतो, त्यामुळे ती घरातल्या प्रत्येकाने एक दिवस ठेवावी, आणि जे लिहिणार नाहीत त्यांच्याकडे आपण बघावं. सॅम फार्बर या अमेरिकी उद्योजकाला पत्नीच्या संधिवातामुळे साधा पीलर धरणं किती कठीण जातं ते दिसलं. त्यातून १९९० मध्ये ऑक्सो या कंपनीची जाड, मऊ मुठीची स्वयंपाकघरातली अवजारं बाजारात आली. ज्यांची बोटं धडधाकट होती त्यांनाही तीच आवडली.

आमच्या घरी बाबा न्हाणीघराचं दार लोटून घ्यायचे, बंद करायचे नाहीत. मी दोनदा टोकलं. वय झालं, विसरतात, असं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. वही चालू होती त्या आठवड्यात एकदा मी बोळात उभी होते, तेव्हा त्यांचा हात दिसला. दाराची मूठ गोल, गुळगुळीत. त्यांची बोटं तिच्यावरून घसरत होती. दोनदा प्रयत्न करून त्यांनी दार तसंच लोटलं. गोल मूठ काढून मी खाली दाबायची आडवी दांडी बसवली, कोपरानेही दाबता येईल अशी. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दाराचा 'टक्' असा आवाज आला, आणि आतून त्यांनी कडी लावून घेतली.