मॅट्रिक्स-१०००चा सेल बदलताना पॅच कसे वाचवायचे

ओबरहाइमचा मॅट्रिक्स-१००० हा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक वाद्य) रॅकमध्ये एकाच युनिटची जागा घेतो. एका वेळी सहा सूर, प्रत्येकाला दोन डीसीओ (मूळ आवाज तयार करणारे, डिजिटल नियंत्रणाचे ऑसिलेटर) आणि पुढे अस्सल अ‍ॅनालॉग फिल्टर. हजार पॅचपैकी (साठवलेल्या आवाजांपैकी) २०० ते ९९९ रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत आहेत, त्यांना धक्का लागत नाही. मेमरी जपणारा आतला सेल संपला किंवा काढला की उडतात ते ००० ते १९९, म्हणजे नेमके तुम्ही स्वतः बनवून साठवलेले. मिडी (वाद्ये आणि संगणक जोडण्याची पद्धत) चॅनलसारखी सेटिंगही जातात, ती आधी कागदावर लिहून ठेवा.

बॅकअपसाठी मिडी इन आणि आउट दोन्ही केबल जोडा. एकच जोडली तर संगणकाची पॅचसाठीची मागणी जाते, उत्तर येत नाही. सिसेक्स (मिडीवरून वाद्याचा स्वतःचा डेटा पाठवणारे संदेश) हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बँक ० (००० ते ०९९) आणि बँक १ (१०० ते १९९) वेगवेगळ्या फाइलमध्ये घ्या आणि फाइलचा आकार बघा. एक पॅच २७५ बाइटचा, म्हणजे शंभर पॅचची फाइल २७,५०० बाइटपेक्षा लहान असेल तर मध्येच काहीतरी गळले आहे. स्वस्तातले यूएसबी मिडी इंटरफेस लांब सिसेक्स संदेश बरेचदा तोडतात.

आता सेल. पॉवर केबल काढून थोडा वेळ थांबा. पॉवर सप्लाय याच डब्यात आहे, त्या बाजूला हात घालू नका. सेल ३ व्होल्टचा लिथियम, बोर्डावर सोल्डर केलेला. धन-ऋण बाजूंचा फोटो काढून मगच तो उतरवा. नव्या सेलवर थेट सोल्डर लावू नका, उष्णतेने तो खराब होतो, फुटूही शकतो. पत्र्या लावलेला सेल घ्या, नाहीतर होल्डर बसवा. होल्डरच बरा, पुढच्या वेळी सोल्डरिंगची कटकट नाही.

पॅच परत भरताना सगळ्यात मोठी चूक इथे होते: पॅचच्या संदेशात ० ते ९९ एवढाच क्रमांक असतो, बँक नसते. मशीन ज्या बँकेवर असेल तिथेच ते लिहिले जातात. म्हणून आधी बँक निवडा, मग तिचीच फाइल पाठवा. एक पॅच वायरवरून जायलाच साधारण ८८ मिलिसेकंद लागतात आणि प्रोसेसर जुना आहे. दोन पॅचमध्ये २०० मिलिसेकंदांची उसंत द्या.

शेवटी मशीन बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. पॅच पुन्हा गायब असतील तर सेल उलटा बसला आहे किंवा सांधा कच्चा राहिला आहे.