डॉमिनोवर काम करताना या चुका टाळा

डॉमिनो म्हणजे नोट्स या प्रोग्रॅमच्या डेटाबेसांचा सर्व्हर. एकाच डेटाबेसच्या प्रती, म्हणजे रेप्लिका, वेगवेगळ्या मशीनवर असतात आणि त्या एकमेकींशी जुळवणं म्हणजे रेप्लिकेशन. ते अडलं की 'क्लिअर हिस्टरी' दाबा, म्हणजे मागे कधी जुळवलं याची नोंद पुसा, हा सल्ला नवी मुलं पहिल्याच आठवड्यात शिकून येतात. तो ऐकला की मला काणकोणचा लॅपटॉप आठवतो.

तिथलं एका हॉटेलचं किनाऱ्यावरचं ऑफिस पावसाळ्यात बंद असायचं. मेअखेरीस लॅपटॉप कपाटात गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मडगावच्या सर्व्हरवरून रद्द बुकिंगं आणि जुने दर काढून टाकले. नोट्समध्ये डॉक्युमेंट पुसलं की मागे डिलीशन स्टब राहतो, आणि 'हे गेलं' हा निरोप इतर रेप्लिकांना तोच देतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये हे स्टब 90 दिवसांनी साफ होतात. ऑक्टोबरात लॅपटॉप उघडला तेव्हा ते कधीच गेले होते. तरीही निभावलं असतं, कारण हिस्टरी शाबूत असली तर मागच्या वेळेनंतरचे बदलच सरकतात. पण नेट धीमं, दहा मिनिटं थांबायची तयारी नाही, म्हणून तिथल्या मुलाने हिस्टरी पुसली. सगळ्या डॉक्युमेंटांची नव्याने तुलना झाली आणि रद्द बुकिंगं सर्व्हरवर नवी म्हणून परत आली. नरकासुराच्या रात्री बाहेर ढोल वाजत होते आणि आम्ही खरी-खोटी बुकिंगं निवडत बसलो होतो.

हंगामी ऑफिसांसाठी स्टब साफ करायची मुदत मी आता 180 दिवस ठेवतो. बंद राहिलेला लॅपटॉप आला की त्यावरचं न पाठवलेलं काम आधी बाजूला काढतो, जुनी रेप्लिका टाकून नवी घेतो. अर्धा दिवस जातो, जाऊ दे. डॉमिनो 8.5.3 पासून अशी जुनी डॉक्युमेंटं अडवणारी पीआयआरसी नावाची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

रीडर्स फील्डमध्ये, म्हणजे डॉक्युमेंट कोणाला वाचता येईल ते ठरवणाऱ्या रकान्यात, फक्त माणसांची नावं घालू नका. सर्व्हरचं नाव नसेल तर डॉक्युमेंट दुसऱ्या सर्व्हरवर पोचतच नाही, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की कोणालाच दिसत नाही. मी 'लोकलडोमेनसर्व्हर्स' हा आपल्या सर्व्हरांचा गट आणि एक ॲडमिन रोल फॉर्ममध्येच बसवून ठेवतो.

व्ह्यूच्या (डॉक्युमेंटांच्या यादीच्या) सिलेक्शन फॉर्म्युल्यात '@नाऊ' (आत्ताची वेळ) नको. इंडेक्स सतत नव्याने बांधला जातो.

कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकच डॉक्युमेंट दोन ठिकाणी बदलल्याने झालेली जादा प्रत, दिसला की लगेच पुसू नका, दोन्ही प्रती वाचा.

डेटाबेस वेबवर टाकण्याआधी एसीएल, म्हणजे कोणाला काय करता येईल याची यादी, उघडाच. 'ॲनॉनिमस' ही नोंद नसेल तर लॉगिन न केलेल्या माणसाला 'डिफॉल्ट'चे अधिकार मिळतात, आणि चाचणीच्या घाईत तिथे 'एडिटर' ठेवलेला मी वारंवार पाहिला आहे.