ब्लॉगचा वार्षिक हिशेब: या चुका टाळा

वर्षअखेरीला बहुतेक जण आधी एकच आकडा बघतात, एकूण वाचक. नेमका तोच फसवा. गुगल ॲनालिटिक्समधल्या (ब्लॉगवरच्या भेटी मोजणारं साधन) बारा महिन्यांच्या ‘युजर्स’ची बेरीज केली, तर जानेवारीत येऊन मार्चमध्ये परत आलेला माणूस दोनदा मोजला जातो. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर ही मुदत एकदम निवडा, आकडा खाली येईल. तरीही मोबाइलवर वाचून नंतर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडणारा माणूस साधारणपणे दोन वाचक म्हणूनच दिसतो. तेवढी सूज गृहीत धरायची.

सगळ्यात मोठा घोळ या वर्षीच्या महिन्याला मागच्या वर्षीचा तोच महिना लावण्यात होतो. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. कोल्हापूरच्या अंबाबाईचं दर्शन, पार्किंग, राहण्याची सोय यांवर लिहिणाऱ्याला २०२५ चा सप्टेंबर फुगलेला आणि ऑक्टोबर आपटलेला दिसणारच. लेखन सुधारलंही नाही, बिघडलंही नाही; नवरात्र सरकलं. घटस्थापनेच्या आठ दिवस आधीपासून दसऱ्यापर्यंतचा तुकडा काढा: २०२४ साठी २५ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर, २०२५ साठी १४ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. दिवस १८ आणि १९ येतात, म्हणून बेरजेऐवजी रोजची सरासरी ताडून बघा. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवाला ही कटकट नाही. तो सूर्याच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे ९ ते ११ नोव्हेंबर सरळ ९ ते ११ नोव्हेंबरशी लावता येतो.

अचानक आलेली गर्दी वेगळी काढा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की पाणीपातळीच्या पानावर अख्खं कोल्हापूर येतं; पाणी उतरलं की तेही उतरतं. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि देशभर वाद पेटला. चपलांवर लिहिणाऱ्यांनी तेव्हाची उसळी पुढच्या वर्षाचं लक्ष्य म्हणून धरली, तर वर्षभर नापासच व्हाल. अशी पानं वगळून उरलेल्यांचा हिशेब मांडा.

गुगलच्या शोधातून किती क्लिक आले ते सांगणारा सर्च कन्सोल मागचे १६ महिनेच दाखवतो. ३१ डिसेंबर २०२५ ला बसलात, तर २०२४ चे जेमतेम शेवटचे चार महिने हाती लागतात, पूर्ण वर्षाची तुलना होत नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागचा महिना एक्स्पोर्ट करून शीटमध्ये ठेवा. एका वेळी १,००० ओळीच निघतात, म्हणून वर्षाचा एकच गठ्ठा काढू नका. ॲनालिटिक्समधल्या, स्वतः रिपोर्ट बनवायच्या ‘एक्सप्लोरेशन’साठीही माहिती मुळात २ महिनेच राहते, ॲडमिनमधल्या ‘डेटा रिटेन्शन’मध्ये ती १४ महिने करा. हे आजच करा. पुसलेलं परत येत नाही.

‘डायरेक्ट’, म्हणजे कुठून आले ते ॲनालिटिक्सला न कळलेले वाचक भरपूर दिसले म्हणून खूश होऊ नका. त्यात व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेले बरेच असतात. ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारं लिंकमागचं शेपूट) जोडा, सोर्स (कुठून) आणि मीडियम (कशातून) दोन्ही, आणि स्पेलिंग कायम एकच ठेवा. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचे दोन वेगळे सोर्स बनतात. ब्लॉगच्या आतल्या लिंकांना मात्र यूटीएम लावू नका, वाचक मुळात कुठून आला ते त्याने पुसट होतं.

स्वतःच्या भेटी वगळायला आधी ऑफिसचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) ॲनालिटिक्सच्या ‘इंटर्नल ट्रॅफिक’मध्ये नोंदवा. नंतर ‘डेटा फिल्टर्स’मध्ये जाऊन फिल्टर ‘टेस्टिंग’वरून ‘ॲक्टिव्ह’ करा. ही दुसरी पायरी राहून जाते आणि फिल्टर लावला असं समजून माणूस वर्षभर स्वतःलाच मोजत बसतो. मागच्या आकड्यांवर हा फिल्टर चालत नाही. मोबाइल डेटाचा आयपी बदलत राहतो, तोही यात अडकत नाही.

सर्च कन्सोलमधलं ‘सरासरी स्थान’ (गुगलच्या निकालांतला सरासरी क्रमांक) घसरलं म्हणून जुने लेख उपसायलाही घाई करू नका. नवा लेख चाळिसाव्या क्रमांकावर दिसू लागला की सरासरी बिघडते, क्लिक मात्र वाढलेले असतात. एकेक पान निवडून त्याचे क्लिक बघा.