गणपतीच्या सुट्टीसाठी फॅक्टोरिओ सर्व्हरवर स्पेस एज चालू करताना

फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या संगणक-खेळाचा स्पेस एज हा विस्तार 21 ऑक्टोबर 2024 ला आला. गणपतीला येणारे चाकरमानी आणि वाडीतली मंडळी एकाच सर्व्हरवर बसणार असतील, तर आधी एक प्रश्न मिटवा: प्रत्येकाकडे स्पेस एज विकत घेतलेलं आहे का? सर्व्हरसाठी ते घ्यावं लागत नाही. लिनक्सचा हेडलेस, म्हणजे पडद्यावर खेळ न दाखवता चालणारा, सर्व्हर फुकट उतरवता येतो आणि विस्ताराच्या फाइली त्यातच असतात. पण त्या फाइली सर्व्हर कोणाला वाटत नाही. पाचातल्या एकाकडे विस्तार नसेल तर तो बाहेरच राहतो. त्याच्यापुरता विस्तार वगळून बाकीच्यांनी खेळायचं, असं होत नाही.

याचं कारण खेळाच्या रचनेत आहे. फॅक्टोरिओत प्रत्येकाचा लॅपटॉप अख्खा कारखाना स्वतः मोजत असतो आणि नेटवरून फक्त कोणी काय केलं तेवढंच जातं. त्यामुळे आवृत्ती, विस्तार आणि मॉड (खेळात भर घालणाऱ्या फाइली) सगळ्यांकडे तंतोतंत एकच लागतात.

पुढे फाइलींची आणि आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहा.

उतरवलेलं हेडलेस पॅकेज सोडवलं की आधी एक नकाशा बनवा: फॅक्टोरिओ --क्रिएट सेव्हज/गणपती.झिप. या पहिल्या फेरीत मॉड्स फोल्डरमध्ये मॉड-लिस्ट.जेसन तयार होते. तिच्यात बेस, एलिव्हेटेड-रेल्स, क्वालिटी आणि स्पेस-एज अशा चार नोंदी दिसतील आणि प्रत्येकीपुढे एनेबल्ड: ट्रू असेल. म्हणजे हेडलेसवर विस्तार मुळातच चालू असतो. नव्या सर्व्हरची खरी तक्रार उलटी असते: विस्तार नको होता, तरी चालू राहिला आणि साधा खेळ असलेले दोघे दारातच अडकले. तो बंद करायचा तर स्पेस-एज, क्वालिटी आणि एलिव्हेटेड-रेल्स या तिन्हींपुढे फॉल्स लिहा. उरलेल्या दोघी वेगळ्या नोंदी असल्या तरी त्याच खरेदीतल्या आहेत, त्यामुळे एकटी क्वालिटी चालू राहिली तरी साध्या खेळवाल्याला प्रवेश नाही. चालू करतानाही तिन्ही एकत्र करा, कारण स्पेस एज बाकीच्या दोघींवर अवलंबून आहे.

फाइल बदलण्याआधी सर्व्हर थांबवा, ती फक्त सुरू होतानाच वाचली जाते. ट्रू-फॉल्सला अवतरणचिन्हं नकोत आणि शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम नको. निम्म्या अडचणी या एका स्वल्पविरामाच्या असतात. मग फॅक्टोरिओ-करंट.लॉग उघडा: लोड होणाऱ्या मॉडच्या ओळींत स्पेस-एजचं नाव दिसलं की काम झालं.

आता जुन्या सेव्हचा प्रश्न, आणि इथे घाई करू नका. गेल्या वर्षीचा साधा नकाशा स्पेस एजसह उघडतो, पण खेळ तोच राहत नाही. डोंगरकडे फोडायची स्फोटकं आणि तोफा नौव्हिसवरच, म्हणजे खेळ सुरू होतो त्या ग्रहावरच, मिळत होत्या. आता त्यांचं संशोधन व्हल्केनसवर गेल्याशिवाय होत नाही. रॉकेट सोडणं हाही शेवट राहत नाही, तिथून पुढे व्हल्केनस, फुल्गोरा, ग्लेबा आणि अक्विलो हे चार ग्रह उभे असतात. नवा नकाशाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. उलटा रस्ता तर घातक: स्पेस एजवर खेळलेला नकाशा विस्तार बंद करून उघडला, तर त्यातली यंत्रं आणि वस्तू गायब होतात, आणि त्यावर एक सेव्ह झाला की त्या फाइलीतून कायमच्या जातात. म्हणून ट्रू-फॉल्सला हात लावण्याआधी सेव्हज फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

साधा खेळ आणि विस्तार, असे दोन्ही गट असतील तर दोन सर्व्हर चालवा. पॅकेज दोन वेगळ्या फोल्डरांत सोडवा, दुसऱ्याला --पोर्ट 34198 असा वेगळा पोर्ट, म्हणजे नेटवरचा वेगळा दरवाजा, द्या. एकाच फोल्डरातून दोन चालवायला गेलात तर लॉक फाइल अडवेल. विस्तार असलेल्याला साध्या सर्व्हरवर जायचं असेल तर जोडताना येणारा मॉड जुळवण्याचा पर्याय निवडायचा. खेळ स्वतः बंद होऊन पुन्हा उघडतो.

आवृत्तीचं काय? स्टीम हे खेळ विकणारं ॲप खेळणाऱ्यांचा खेळ आपोआप पुढे नेतं, तुमचा हेडलेस मात्र जिथे ठेवलात तिथेच असतो. आदल्या आठवड्यात एक आवृत्ती ठरवा आणि स्टीममधल्या बीटा यादीतून सगळ्यांना तीच निवडायला लावा. डाउनलोड मुंबईतच उरकून यायला सांगा. कोकणकन्येत हॉटस्पॉटवर काढू म्हणणाऱ्यांना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा भेटतोच.

गावात सगळे एकाच घरात बसणार असतील तर इंटरनेट लागतच नाही, एक स्विच आणि लॅन केबली पुरतात. डेटा फोल्डरमधल्या सर्व्हर-सेटिंग्जच्या नमुना फाइलीची प्रत काढा आणि तिच्यात व्हिजिबिलिटीखाली पब्लिक फॉल्स, लॅन ट्रू करा. रिक्वायर युझर व्हेरिफिकेशन हीसुद्धा फॉल्स करा. हे विसरलं तर नेट गेल्यावर खात्याची पडताळणी होत नाही आणि पडवीत शेजारी बसलेल्यालाही आत घेतलं जात नाही.

कोणी मुंबईहूनच खेळणार असेल तर राउटरवर यूडीपी 34197 हा खेळाचा मूळ पोर्ट सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवा. टीसीपी हा दुसरा प्रकार वळवून उपयोग नाही. आधी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहा: तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि पोर्ट वळवून काही होणार नाही. अशा वेळी सर्वांनी टेलस्केल (लांबची यंत्रं एका खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर) टाकायचं आणि त्यात मिळालेल्या पत्त्यावर जोडायचं. खेळताना डेटा कमी जातो, पण आत येणाऱ्याला आधी पूर्ण नकाशा उतरवावा लागतो. मोठ्या नकाशात मंद लॅपटॉप तो उतरवूनही मागे पडत राहतो आणि शेवटी बाहेर फेकला जातो. त्याला नेट वाढवून फरक पडत नाही, प्रोसेसरच कमी पडत असतो.

भाद्रपदात वीज जाणारच हे धरून चला. ऑटोसेव्ह मुळात दर 10 मिनिटांनी होतो आणि 5 प्रती ठेवतो. अंतर 5 आणि प्रती 10 करा. सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर असेल तर त्याची बॅटरी निभावते, पण राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि सगळे बाहेर. विजा चमकायला लागल्या की कन्सोलवर /सर्व्हर-सेव्ह द्या, मग प्लग काढा. मध्येच सगळं बंद पडलं तर शेवटची ऑटोसेव्ह अर्धवट असू शकते. तसं झालं तर सर्व्हर सुरू करताना --स्टार्ट-सर्व्हरपुढे तिच्या आधीच्या प्रतीचं नाव द्या.