धामणीचा कामठा: वासला हाती घेण्याआधी

कामठा, म्हणजे धनुष्य, करायचा असेल तर आधी महिना बघा. पौष-माघात झाडातला रस कमी असतो, तेव्हाची तोड चांगली. लाकूड धामणीच्या झाडाचंच घ्या. कावडीला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला आपल्याकडे धामण वापरतात ती उगाच नाही. वाकते आणि पुन्हा सरळ होते. सागाच्या मागे लागू नका. खोड मांडीएवढं नको, चार बोटं व्यासाच्या आतलंही नको, आणि लांबी तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त असू द्या. सालीवरच्या रेषा सरळ खाली जातात का, हे नीट पाहा. दोरीसारखा पीळ दिसला तर ते झाड सोडा. रानातून परस्पर तोडायचं नाही. झाड स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावरचं असलं तरी आधी वनरक्षकाला विचारा.

तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना ऑइल पेंट किंवा मेण लावा. पाचर ठोकून खोड मधोमध चिरा, साल हलक्या हातानं सोला. सालीखालचा गुळगुळीत थर म्हणजे कामठ्याची पाठ. तिच्यावर पुढे कधीच हत्यार चालवायचं नाही, कारण ओढताना सगळा ताण तिथेच येतो आणि एक धागा कापला की चीर तिथूनच धरते.

आता वाळवण. इथेच सगळ्यांची घाई होते. माझी पहिली फाक, म्हणजे चिरलेल्या खोडाचा अर्धा भाग, टिनाच्या छपराखाली ठेवली होती. मे महिन्यात टोकापासून हातभर तडकली. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा फाक मातीच्या घरात, सावलीत, भिंतीपासून सुटी ठेवा. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष धरा. किराणा दुकानातल्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि लाकडावरच पेन्सिलीनं लिहून ठेवा. दोन-तीन वेळा आकडा हलला नाही की समजा झालं. छिलायचं काम दिवाळी ते होळी उरकून घ्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि कामठा मऊ पडतो.

हत्यारं थोडीच लागतात: लाकूड तासायचा वासला, रंधा, कानस आणि काचेचा तुकडा. लाकूड घट्ट धरायचा शिकंजा वाढईकडून मागून आणा. मुठीसाठी मध्ये दहा सेंटिमीटर लांबीचा भाग जाड राखा, दोन्हीकडचे बाहू तिथून टोकाकडे निमुळते करत न्या. छिलायचं फक्त पोटाकडून, म्हणजे पाठीच्या उलट बाजूनं.

एक फळी मात्र आधीच तयार करा. तिला वरच्या टोकाला मुठीची खोबण आणि खाली दर पाच सेंटिमीटरला दोरी अडकवायच्या खाचा हव्यात. कामठा तिच्यावर चढवून लांबून पाहिलं की कोणता बाहू ताठ आहे ते कळतं. ताठ जागा खरवडा, तीस वेळा हलकेच ओढा, पुन्हा पाहा. नवख्यानं बारा-तेरा किलोच्या ताणावर थांबावं, आणि मोजायला लटकता काटा ठेवावा. तीर न लावता ओढून सोडू नका. कामठा तिथेच फुटतो.

दोरीला नायलॉन नको, ते ताणतं. पॉलिएस्टरचा धागा पिळून घ्या. शेवटी जवसाचं तेल, पातळ हात, दिवसाआड तीन वेळा.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, म्हणून निशाण्याला तणसाचा घट्ट भारा बांधा. मागे मातीचा उंच बांध असू द्या आणि त्या वाटेनं गुरं-लेकरं येत नाहीत ना, हे आधी पाहून घ्या.